न दिसणाऱ्या दुखण्याचा भाव

इंग्लंड आणि वेल्समध्ये मानेच्या दुखण्याचा भाव कायद्याने ठरवून दिलेला आहे. दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या मोटार अपघातात तुमच्या मानेला हिसका बसला आणि ती तीन महिन्यांच्या आत बरी झाली, तर २४० पौंड. तीन ते सहा महिने दुखली तर ४९५. सहा ते नऊ महिने दुखली तर ८४०. वर्षभर रेंगाळली तर १,३२०. दीड ते दोन वर्षे दुखत राहिली तर ४,२१५. अपघातानंतर झोप उडाली, गाडीत बसायची धास्ती वाटू लागली, असा मनाला किरकोळ त्रास झाला असेल तर पहिल्या पायरीवर आणखी २० पौंड. हा तक्ता ३१ मे २०२१ पासून लागू आहे. ३१ मे २०२५ पासूनच्या अपघातांसाठी त्यातल्या रकमा सुमारे १५ टक्क्यांनी वाढवल्या आहेत.

ही रक्कम फक्त सोसलेल्या वेदनेची. बुडालेला पगार आणि औषधपाण्याचा खर्च वेगळा मागता येतो. तरीही हा तक्ता विचित्र आहे. गाडीच्या धडकेत कुणाचा हात मोडला, डोळा गेला, तर इंग्लंडमधला न्यायाधीश पूर्वीचे निकाल आणि मार्गदर्शिका पुढे ठेवून, त्या माणसाचे आयुष्य पाहून भरपाई ठरवतो. मान, पाठ आणि खांद्याच्या लचकेपुरता मात्र संसदेने न्यायाधीशाचा हात धरला आणि सांगितले, की महिने मोजा आणि आकडा वाचा. मोजून २० टक्के वाढवण्याची मुभा ठेवली, तीही अपवादात्मक परिस्थितीत.

एवढ्या एका दुखण्यावरून संसदेचा विश्वास का उडाला, ही या प्रकरणाची गोष्ट आहे. खरे दुखणे, त्याचे सोंग, त्यावर पैसा करणारे मधले लोक आणि हे सगळे एकाच मापाने मोजणारा कायदा, अशी चार पात्रे या गोष्टीत आहेत. चौघांना एकमेकांपासून वेगळे ओळखता आले, तर भरपाई या विषयावर आपण शहाणपणाने बोलू शकू.

आसुडाचा फटकारा

आधी मानेचे काय होते ते पाहू. या हिसक्याला इंग्रजीत व्हिपलॅश म्हणतात, म्हणजे आसुडाचा फटकारा. आसूड फटकारताना मूठ जेमतेम हलते, पण ती हालचाल दोरीतून पुढे सरकत टोकाला पोचते तेव्हा तिचा वेग कितीतरी पट झालेला असतो.

सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीला मागून दुसरी गाडी आदळते. सीटची पाठ तुमच्या पाठीला पुढे ढकलते. धड पुढे निघते, पण डोके आपल्या जडत्वामुळे जागीच राहते. माणसाचे डोके साधारण साडेचार-पाच किलो भरते. म्हणजे मध्यम आकाराचे एक कलिंगड सात लहान मणक्यांच्या दांड्यावर तोललेले आहे आणि खालून कुणी तो दांडा अचानक ओढला आहे. पहिल्या सुमारे दशांश सेकंदात मानेला इंग्रजी एस अक्षरासारखा बाक येतो. खालचे मणके मागे वाकतात, वरचे त्याच वेळी पुढे. मान एरवी अशी कधीच वळत नाही. मग डोके मागे जाते आणि शेवटी पुढे उसळते. मानेचे स्नायू सावध होऊन आवळेपर्यंत इजा होण्याचा क्षण बहुतेक उलटून गेलेला असतो. म्हणूनच मागून बेसावध असताना बसलेला हिसका वाईट.

त्या क्षणी अनेकांना फारसे काही वाटत नाही. माणूस खाली उतरतो, बंपर पाहतो, नंबर लिहून घेतो, घरी जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना मान धरलेली असते. डोक्याच्या मागच्या बाजूने कळ येते, खांदे जड होतात, गाडी मागे घ्यायला मान वळवावी तर वळत नाही. डॉक्टर एक्स-रे काढतात, एमआरआयही काढतात आणि बहुतेक वेळा त्यात काहीच दिसत नाही. हाड शाबूत, चकती जागेवर. पुढचा सगळा गोंधळ या कोऱ्या फिल्मवर उभा आहे. दुखणारा म्हणतो दुखते, फिल्म म्हणते काही नाही, आणि कोणावर विश्वास ठेवायचा हे ठरवणारा तिसराच कुणी असतो.

फिल्म कोरी आहे म्हणून दुखणे खोटे, असा अर्थ मात्र होत नाही. मणक्यांच्या मागच्या बाजूला जोडी-जोडीने लहान सांधे असतात. ऑस्ट्रेलियातील निकोलाय बॉग्डुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात, हिसक्यानंतर मान दीर्घकाळ दुखत असलेल्या रुग्णांच्या या सांध्यांच्या नसा औषधाने बधिर करून पाहिल्या. रुग्णाला कळू न देता काही वेळा खरे औषध दिले, काही वेळा नुसते मिठाचे पाणी. खऱ्या औषधानेच वेदना थांबते असे जिथे स्पष्ट झाले, असे रुग्ण सुमारे ६० टक्के निघाले. म्हणजे एक्स-रेत न दिसणाऱ्या दुखण्याला शरीरात नेमकी जागा होती. २००८ मध्ये एका आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने तोवरचे संशोधन एकत्र करून सांगितले, की असा हिसका बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास लोक वर्षानंतरही मान दुखत असल्याचे सांगतात.

हा त्रास स्त्रियांना पुरुषांपेक्षा अधिक होतो, हेही अनेक देशांच्या नोंदींत दिसून आले आहे. तरीही मागून होणाऱ्या धडकेची चाचणी वर्षानुवर्षे सरासरी पुरुषाच्या मापाचा पुतळा सीटवर बसवूनच होत राहिली. स्वीडनमधल्या संशोधक ॲस्ट्रिड लिंडर यांच्या गटाने सरासरी स्त्रीच्या मापाचा, स्त्रीच्या शरीररचनेवर आधारलेला पुतळा तयार करून २०२२ मध्ये जगासमोर आणला. चाचणीच्या सीटवर जिला कधी बसवलेच नव्हते, तिच्या दुखण्याकडे संशयाने पाहिले जावे, हा मोठा अन्याय आहे.

रेल्वेच्या काळापासूनचा वाद

हा वाद मोटारींबरोबर आलेला नाही. ९ जून १८६५ रोजी केंट परगण्यात स्टेपलहर्स्ट इथे एक आगगाडी पुलावरून घसरली. दहा माणसे दगावली. गाडीत कादंबरीकार चार्ल्स डिकन्स होते. त्यांच्या अंगाला मोठी इजा झाली नाही. त्यांनी जखमींना पाणी पाजले, धीर दिला. पण त्यानंतर आगगाडीत बसले की त्यांना कंप सुटे आणि ही धास्ती अखेरपर्यंत त्यांच्या मागे राहिली.

त्या काळात असे कितीतरी प्रवासी होते. बाहेरून धडधाकट दिसत, पण पाठ दुखते, झोप येत नाही, हात थरथरतात अशी त्यांची तक्रार असे. १८६६ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिक्सन यांनी अशा रुग्णांवर पुस्तक लिहिले आणि धक्क्याने पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला इजा होते असे मत मांडले. या दुखण्याला 'रेल्वे स्पाइन' हे नाव पडले. प्रवासी कोर्टात जाऊ लागले आणि ज्युरी त्यांच्या बाजूने भरपाई देऊ लागल्या. १८८३ मध्ये हर्बर्ट पेज यांनी उलट पुस्तक लिहिले. यातले बरेचसे दुखणे भीतीचे आणि मनाच्या धक्क्याचे आहे, कण्याच्या इजेचे नाही, असे त्यांचे म्हणणे. पेज हे एका बड्या रेल्वे कंपनीचे शल्यचिकित्सक होते.

एका बाजूला रुग्णाचा डॉक्टर, दुसऱ्या बाजूला कंपनीचा डॉक्टर आणि मध्ये न दिसणारे दुखणे, ही मांडणी दीडशे वर्षे तशीच आहे. फक्त आगगाडीच्या जागी मोटार आली. १९२८ मध्ये अमेरिकेतले अस्थितज्ज्ञ हॅरल्ड क्रो यांनी डॉक्टरांच्या एका बैठकीत 'व्हिपलॅश' हा शब्द वापरला. डोके कसे हलते हे सांगण्यापुरता तो होता. पुढे तो डॉक्टरांनी उचलला, रुग्णांनी उचलला, वकिलांनी उचलला आणि हालचालीचे वर्णन हेच रोगाचे नाव होऊन बसले. बऱ्याच वर्षांनी क्रो यांनी या गोष्टीची खंत लिहून ठेवली.

कौनसमधले दोनशे दोन लोक

१९९६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा अभ्यास छापून आला आणि विमा कंपन्यांना हवा तो पुरावा हाती लागला. लिथुआनिया हा देश नुकताच सोव्हिएत संघातून बाहेर पडला होता. तिथे फार थोड्या मोटारींचा विमा असे आणि हिसक्याने आयुष्यभर मान दुखते अशी समजूतही तिथे रुजली नव्हती. नॉर्वेच्या हॅराल्ड श्राडर यांनी लिथुआनियन सहकाऱ्यांबरोबर कौनस शहरात पोलिसांच्या नोंदींवरून, एक ते तीन वर्षांपूर्वी ज्यांच्या गाडीला मागून धडक बसली होती असे २०२ लोक शोधले. त्याच वयाच्या, अपघात न झालेल्या लोकांशी त्यांची तुलना केली. मान दुखते असे सांगणारे अपघातग्रस्तांत ३५ टक्के, इतरांत ३३ टक्के. डोकेदुखी अपघातग्रस्तांत ५३ टक्के, इतरांत ५०. पुढच्या अभ्यासात याच गटाला दिसले, की धडकेनंतर ज्यांची मान दुखली त्यांच्यातही ते दुखणे साधारण तीन दिवस टिकले.

या अभ्यासावर टीकाही झाली. त्या २०२ जणांपैकी मुळात इजा झालेले थोडेच होते, त्यामुळे कायमच्या दुखण्याचे तुरळक रुग्ण अशा लहान गटात न दिसणे शक्य होते. पण प्रश्न उभा राहिला तो राहिलाच. जिथे भरपाई नाही तिथे दुखणेही लवकर जाते का?

पाच वर्षांनी जर्मनीतल्या एका गटाने याहून विलक्षण प्रयोग केला. ५१ स्वयंसेवकांना गाडीत बसवले आणि मागून धडक देणार असे सांगितले. मागून धडकेचा आवाज आला, काच फुटल्यासारखे वाटले, गाडी किंचित हलली. प्रत्यक्षात मानेला इजा होईल असा कुठलाही जोर त्यांच्या शरीरावर आलाच नव्हता. तरी पुढच्या दिवसांत त्यांच्यापैकी सुमारे पाचव्या हिश्श्याच्या लोकांना त्रास जाणवला. या लोकांना त्रासाबद्दल एक पैसाही मिळायचा नव्हता, म्हणून त्यांना खोटारडे म्हणता येत नाही. इजेची अपेक्षा असली की शरीर अंगातली बारीकसारीक उसणही टिपून ठेवते, एवढेच यातून कळते.

तिसरा पुरावा कॅनडातला. सस्कॅचेवान प्रांताने १ जानेवारी १९९५ पासून विम्याची पद्धत बदलली. आधी चूक कोणाची यावर खटला चाले आणि वेदनेची भरपाई मिळे. नव्या पद्धतीत चूक कोणाचीही असो, उपचार आणि बुडालेली कमाई मिळणार, वेदनेचे वेगळे पैसे नाहीत. डेव्हिड कॅसिडी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये निष्कर्ष छापले. दर लाख लोकांमागे सहा महिन्यांतले व्हिपलॅशचे दावे ४१७ वरून तीनशेच्या आसपास आले. दावा निकाली निघायला जिथे साधारण ४३३ दिवस लागत, तिथे दोनशेच्या आसपास लागू लागले. आणि या संशोधकांना दिसले, की दावा लवकर मिटणे आणि माणूस लवकर बरा होणे या गोष्टी हातात हात घालून जातात.

या तीन अभ्यासांतून विमा कंपन्यांनी काढलेला अर्थ सोपा होता. पैसा दिसला की मान दुखते. मला तो अर्थ अर्धवट वाटतो. सस्कॅचेवानमध्ये पैसे कमी झाले, तसाच झगडाही संपला. महिनोन्‌महिने तुमचे दुखणे सिद्ध करत राहा, दर तपासणीला ते नव्याने सांगा, समोरचा वकील ते खोटे ठरवायला टपलेला आहे, असे ज्याच्या वाट्याला येते त्याने ते दुखणे विसरावे कसे? जे दुखणे रोज कागदावर मांडावे लागते ते शरीरातूनही लवकर जात नाही. भरपाईइतकेच भरपाईसाठीचे ताटकळणे माणसाला आजारी ठेवते.

दुखण्याची बाजारपेठ

आता पुन्हा इंग्लंडकडे. तिथे १९३० च्या रस्ता वाहतूक कायद्याने वाहनमालकांना तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा केला. अपघातग्रस्ताला गरीब ड्रायव्हरच्या मागे न धावता विमा कंपनीकडून पैसे मिळावेत, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच होता. साठ-सत्तर वर्षे ही व्यवस्था फारसा गाजावाजा न होता चालली.

बदल झाला तो वकिलांचे पैसे कुठून यायचे यात. १९९५ पासून 'जिंकलात तरच फी' हा करार वकिलांना करता येऊ लागला. १९९९ च्या कायद्याने सरकारने अशा दाव्यांसाठीची सरकारी कायदेशीर मदत बहुतांशी काढून घेतली आणि त्याबदली जिंकणाऱ्या वकिलाची वाढीव फी हरणाऱ्या बाजूने, म्हणजे विमा कंपनीने, द्यावी असे ठरवले. दावेदाराच्या खिशाला तोशीस नाही, वकिलाला जिंकल्यावर वाढीव फी आणि भरणार विमा कंपनी. लहान अपघाताचा दावाही एकदम किफायतशीर झाला.

किफायतशीर माल म्हटला की दलाल आले. दावे जमवणाऱ्या कंपन्या निघाल्या. 'तुमच्या अपघाताची भरपाई अजून घेतलेली नाही' असे निरोप लोकांच्या मोबाइलवर येऊ लागले, अपघात झालेला नसला तरी. अपघातग्रस्ताचे नाव आणि फोन क्रमांक वकिलाला पुरवला की काही शे पौंडांचा मोबदला मिळे. हा मोबदला कोण घेत होते? दावे जमवणारे घेत होते, गाडी ओढून नेणारे घेत होते, दुरुस्ती करणारे घेत होते. आणि २०११ मध्ये ब्लॅकबर्नचे खासदार, माजी न्यायमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी उघडपणे सांगितले, की विमा कंपन्याही घेत होत्या. खोट्या दाव्यांनी हप्ते वाढतात म्हणून ओरडणाऱ्या कंपन्या स्वतःच अपघातग्रस्तांची माहिती विकत होत्या. शिवाय पुष्कळदा त्या दावेदाराला डॉक्टरकडे न पाठवताच थोडीफार रक्कम देऊन मोकळ्या होत. तपासणीपेक्षा तडजोड स्वस्त पडे. न तपासता पैसे मिळतात हे एकदा कळले की खोटे बोलणाऱ्याला दार सताड उघडे.

सरकारने पुढे केलेले आकडे असे आहेत. रस्ता अपघातातल्या इजेचे नोंदलेले दावे २००५-०६ मध्ये सुमारे ४ लाख ६० हजार होते, ते २०१५-१६ मध्ये सुमारे ७ लाख ७० हजार झाले. त्याच दशकात ब्रिटनच्या रस्त्यांवर पोलिसांच्या नोंदीत आलेले मृत आणि जखमी मिळून २ लाख ७१ हजारांवरून १ लाख ८६ हजारांवर उतरले होते. पोलिसांकडे किरकोळ अपघात सगळे येत नाहीत, हे खरे. पण रस्ते सुरक्षित होत असताना दावे दीडपटीहून जास्त वाढले, याचे कारण मानेत सापडणार नव्हते. ते फी-पद्धतीत होते.

या बाजाराच्या तळाशी सरळ गुन्हेगारी होती. गोलचौकाजवळ पुढची गाडी कारण नसताना करकचून ब्रेक लावते. कधी तिचे ब्रेकचे दिवे आधीच निकामी केलेले असतात. मागचा बेसावध ड्रायव्हर आदळतो आणि कायद्याच्या नजरेत चूक त्याची ठरते. मग पुढच्या गाडीतून चौघांचे मानदुखीचे दावे येतात. कधी त्या चौघांपैकी दोघे गाडीत नसतातच. हेडलाइट चमकवून 'या, पुढे व्हा' अशी खूण करायची आणि समोरचा पुढे आला की ठोकायचे, हा दुसरा प्रकार. २०११ मध्ये बकिंगहॅमशरमध्ये ए-४० रस्त्यावर अशाच ठरवून घडवलेल्या धडकेपायी, त्या व्यवहाराशी काडीचा संबंध नसलेल्या एका ३४ वर्षांच्या महिलेचा जीव गेला. या फसवणुकीला विमा कंपन्यांचे नुकसान एवढेच समजणाऱ्यांनी ही एक घटना लक्षात ठेवावी.

भरपाईची संस्कृती होती का?

इंग्रजी वर्तमानपत्रांनी या सगळ्याला एक नाव दिले, भरपाईची संस्कृती. म्हणजे लोकच बिघडले, जो तो ठेच लागली की कोर्टात जातो. सरकारनेच नेमलेल्या समित्यांचे मत वेगळे होते. २००४ मध्ये नियमनविषयक कृतिदलाने तपास करून सांगितले, की भरपाईची संस्कृती ही दंतकथा आहे, पण ती आहे या समजुतीचे परिणाम मात्र खरे आहेत. २०१० मध्ये लॉर्ड यंग यांच्या अहवालातही साधारण हाच सूर होता. या समजुतीमुळे शाळा सहली रद्द करत होत्या, गावच्या जत्रा बंद होत होत्या. आणि ज्याला खरेच लागले आहे तो दावा करायला लाजत होता, कारण शेजारी त्याला लबाड म्हणतील.

लोक बिघडले म्हणणे सोपे असते, कारण मग व्यवस्था कोणी रचली हे विचारावे लागत नाही. ब्रिटनमध्ये ती व्यवस्था संसदेने कायदे करून रचली होती, म्हणून तिचे स्क्रूही संसदेलाच पिळता आले. एप्रिल २०१३ पासून वाढीव फी विमा कंपनीकडून वसूल करणे बंद झाले आणि नावे विकण्याच्या मोबदल्यावर बंदी आली. २०१५ मध्ये वैद्यकीय अहवालाचा डॉक्टर वकिलाने हाताशी धरलेला नसावा म्हणून स्वतंत्र यंत्रणेतून निवडायची पद्धत सुरू झाली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने, दाव्यात मुळातच अप्रामाणिकपणा आढळला तर संपूर्ण दावा फेटाळण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. हे उपाय नेमके होते. दलाल, विकाऊ अहवाल आणि लबाड दावेदार यांच्यावर ते रोखलेले होते आणि खऱ्या दुखणेकऱ्याला त्यांनी धक्का लावला नाही.

पण सरकार तिथे थांबले नाही. २०१८ च्या दिवाणी दायित्व कायद्याने सुरुवातीला सांगितलेला तक्ता आणला. त्याआधीच्या मार्गदर्शिकेप्रमाणे तीन महिन्यांत बऱ्या होणाऱ्या मानेलाही दोन हजार पौंडांहून अधिक मिळू शकत. ते २४० वर आले. शिवाय वेदनेच्या भरपाईसाठी लहान दाव्यांची मर्यादा १,००० पौंडांवरून ५,००० वर नेली. अशा दाव्यांत जिंकले तरी वकिलाची फी समोरच्याकडून मिळत नाही. २०१३ मध्ये संसदेच्याच वाहतूक समितीने ही मर्यादा वाढवण्याबद्दल, न्याय मिळणे कठीण होईल, असा इशारा दिला होता. सामान्य माणसाला वकिलाशिवाय दावा करता यावा म्हणून एक सरकारी पोर्टल काढले. प्रत्यक्षात त्यावर येणारे बहुतेक दावे वकिलांमार्फत किंवा प्रतिनिधींमार्फतच येतात. यावरून ते सामान्य माणसाला किती सोपे वाटते हे समजावे.

या कायद्यातली एक तरतूद मात्र मनापासून स्वागत करण्याजोगी आहे. वैद्यकीय अहवालाशिवाय व्हिपलॅशचा दावा पैसे देऊन मिटवायला त्याने बंदी केली. ही बंदी विमा कंपन्यांनाही लागू आहे. खोटे दावे थांबवायचा हा सर्वांत सरळ उपाय होता आणि तो सर्वांत शेवटी आला.

मग पुढचा तिढा. मानेबरोबर गुडघाही दुखावला तर? मान तक्त्यात, गुडघा तक्त्याबाहेर. मार्च २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की मानेची तक्त्याप्रमाणे रक्कम आणि गुडघ्याची जुन्या पद्धतीची रक्कम दोन्ही जमेस धराव्यात, एकाच वेदनेचे पैसे दोनदा जात असतील तेवढेच वजा करावे, आणि एकूण रक्कम गुडघ्याच्या एकट्या रकमेच्या खाली जाऊ देऊ नये. दुखणारा माणूस एकच असतो. त्याचे अवयव वेगवेगळ्या दराने मोजायला निघाले की न्यायालयाला अशी कसरत करावी लागते.

आपल्याकडे

भारतातला मोटार विम्याचा कायदा याच इंग्रजी मुळातून फुटलेला आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तिसऱ्या पक्षाचा सक्तीचा विमा आपल्याकडे आणला, तो ब्रिटिश कायद्याच्या धर्तीवर. पुढे दावे ऐकायला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे आली. पण आपले दुःख वेगळे आहे. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. न्यायाधिकरणापुढे मुख्यतः येतात ते मृत्यूचे आणि कायमच्या अपंगत्वाचे दावे. मान लचकली म्हणून दावा करायचे आपल्याकडे सहसा कुणाच्या मनातही येत नाही. बाम चोळायचा, मानेला पट्टा लावायचा आणि कामाला लागायचे.

बनावट दाव्यांची कीड आपल्यालाही लागलेली आहे. उत्तर प्रदेशातल्या खोट्या मोटार दाव्यांच्या तपासासाठी अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये विशेष तपास पथक नेमायला लावले आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या तपासाच्या दिरंगाईबद्दल फटकारावे लागले. अशी प्रकरणे बाहेर आली की भरपाईचा कायदाच आखडून घ्या अशी मागणी होईल. तेव्हा ब्रिटनचा अनुभव आठवावा. खोटे दावे जिथे तयार होतात तिथे, म्हणजे दलाल, विकाऊ दाखले आणि न तपासता केलेल्या तडजोडी यांवर घाव घातला तर फसवणूक थांबवता येते. सगळ्यांच्या भरपाईवर घाव घातला तर लबाड दुसरा धंदा शोधतो आणि दुखणारा मागे उरतो.

वाचकांसाठी तीन साध्या गोष्टी. पहिली, डोक्यामागची उशी, म्हणजे हेडरेस्ट, ही आरामासाठी नाही. अमेरिकेने १९६९ पासून नव्या मोटारींच्या पुढच्या सीटवर ती सक्तीची केली, ती मान वाचवण्यासाठी. तिचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याशी यावा, निदान कानाच्या वरच्या टोकाखाली तरी नसावा आणि डोके व उशी यांत चार बोटांपेक्षा जास्त अंतर नसावे. बहुतेक गाड्यांत ती विकत घेतली तेव्हा जशी खाली दाबलेली होती तशीच असते. आज गाडीत बसाल तेव्हा ती वर ओढा. घरात दुसरे कुणी गाडी चालवत असेल तर त्यांच्या उंचीप्रमाणे पुन्हा लावा.

दुसरी, हिसका बसला तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि तक्रारीची नोंद कागदावर येऊ द्या. हातापायाला मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा असेल तर क्षणाचाही उशीर नको. मोठी इजा नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यावर मात्र पट्टा बांधून महिनाभर पडून राहू नका. १९९५ मधल्या क्वेबेकच्या अभ्यासगटापासून सल्ला एकच आहे, की मान हळूहळू हलवत राहा, रोजच्या कामाला लागा, बरे होणार हा भरवसा धरा.

तिसरी, आपल्याकडे अपघाताच्या भरपाईचा अर्ज करायला १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत पुन्हा लागू झाली आहे. पोलिसातली नोंद, दवाखान्याचे कागद, पगार बुडाल्याचा दाखला हे सगळे पहिल्या आठवड्यापासून एका फाईलमध्ये ठेवा. जेवढे लागले तेवढेच सांगा आणि जेवढे लागले तेवढे मागताना लाजू नका. दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या नुकसानीची भरपाई मागणे हा हावरटपणा नाही, तो आपला हक्क आहे. खोटा दावा करणारा विमा कंपनीला लुबाडतो, तसाच तो पुढच्या खऱ्या दुखणेकऱ्याच्या शब्दाची किंमतही कमी करतो. इंग्लंडमध्ये ती किंमत २४० पौंडांवर आली. आपल्याकडे ती तशी घसरू न देणे आपल्याच हातात आहे.